रोज वापरण्यासाठी एकच स्टीलचे घड्याळ: एक्सप्लोरर की ॲक्वा टेरा?

रानवाट:

गेली तीन वर्षे मी रोलेक्सचे ३६ मिमीचे एक्सप्लोरर, म्हणजे २०२१ मध्ये आलेले १२४२७० क्रमांकाचे मॉडेल, रोज वापरतो आहे. माझ्या थोरल्या बहिणीने त्याच सुमारास ओमेगाचे ३८ मिमीचे ॲक्वा टेरा घेतले. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही दोन महिन्यांसाठी घड्याळांची अदलाबदल केली आणि त्यातून माझे मत पक्के झाले. ज्याला वर्षानुवर्षे पैसे साठवून एकच चांगले घड्याळ घ्यायचे आहे आणि ते कपाटात न ठेवता मनगटावर झिजवायचे आहे, त्याने थोडी वाट पाहावी लागली तरी एक्सप्लोररच घ्यावे.

सर्वांत मोठे कारण पट्ट्याचे आहे, आणि घड्याळांवरच्या लिखाणात नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष होते. मे महिन्यात मुंबईत सकाळी सैल बसणारे घड्याळ दुपारी दोनपर्यंत मनगटात रुतू लागते. एक्सप्लोररच्या लॉकमध्ये ‘ईझीलिंक’ नावाची एक घडी घातलेली कडी असते. ती नखाने उलगडली की पट्टा ५ मिमीने सैल होतो आणि संध्याकाळी पुन्हा दुमडता येते. हे मी लोकलमध्ये उभ्याउभ्या करतो. बहिणीच्या घड्याळाचे लॉक फुलपाखराच्या पंखांसारखे दोन्ही बाजूंना उघडते, दिसायला ते फार देखणे आहे, पण त्यात अशी कोणतीही सोय नाही. एक कडी काढली तर घट्ट आणि ठेवली तर सैल, या पेचात माझे दोन महिने गेले.

दुसरे कारण चावीचे. एक्सप्लोररचे ३२३० हे यंत्र पूर्ण भरलेले असेल तर सत्तर तास चालते, ॲक्वा टेराचे ८८०० पंचावन्न तास. शुक्रवारी संध्याकाळी सातला घड्याळ काढून ठेवले तर एक्सप्लोरर सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत चालू राहते, आणि ॲक्वा टेरा सोमवारी पहाटे दोनला थांबते. त्यानंतर ऑफिसला निघायच्या घाईत वेळ आणि तारीख दोन्ही लावत बसावे लागते. एक्सप्लोररला तारीखच नाही, आणि मला तो त्याचा गुण वाटतो. तबकडीवर तीन, सहा आणि नऊ हे आकडे, बाकी साध्या खुणा. अंधारात तेच आकडे निळसर उजळतात आणि झोपेतून अर्धवट उठल्यावरही वेळ एका नजरेत कळते.

मनगटमाप:

रानवाट, आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून विरोधही मनापासून नोंदवतो. धाग्याचा विषय रोजच्या वापराचा आहे. जे घड्याळ रोज हातात असते ते शुक्रवार ते सोमवार टेबलावर पडून राहतच नाही, त्यामुळे सत्तर आणि पंचावन्न तासांचा हिशेब दोन-चार घड्याळे बाळगणाऱ्याच्या कामाचा आहे, एकच घड्याळ असणाऱ्याच्या नाही.

तारीख नसणे हा गुण आहे हे मला अजिबात पटत नाही. चेकवर सही करताना, पावती फाडताना, औषधाच्या पाकिटावरची मुदत पाहताना मी दिवसातून कितीतरी वेळा तारखेकडे बघतो. तीस दिवसांचे चार महिने आणि फेब्रुवारी धरून वर्षातून फक्त पाच वेळा ती हाताने पुढे न्यावी लागते. एवढ्या कष्टासाठी तारखेवर पाणी सोडायचे, हे मला समजत नाही.

माझ्या दृष्टीने निर्णायक मुद्दा चुंबकाचा आहे, आणि आपण त्याचा उल्लेखही केलेला नाही. यांत्रिक घड्याळाच्या पोटात केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग असते. तिच्या वेटोळ्यांच्या आकुंचन-प्रसरणावर घड्याळाची चाल ठरते. साधी स्टीलची स्प्रिंग चुंबकाजवळ गेली की वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे धावू लागते. आज टॅबलेटच्या कव्हरमध्ये, इअरफोनच्या डबीत, पर्सच्या बटणात, फोनच्या मागच्या बाजूला, जिकडेतिकडे चुंबक आहेत. ओमेगाने ८८०० मध्ये सिलिकॉनची स्प्रिंग वापरली आणि १५,००० गाऊसपर्यंतच्या चुंबकीय क्षेत्रात (गाऊस हे त्या क्षेत्राच्या मोजमापाचे एकक) घड्याळ नीट चालते, याची तपासणी मेटास या स्विस सरकारी संस्थेच्या निकषांवर होते. एवढे बाहेरून तपासलेले वचन एक्सप्लोररसोबत मिळत नाही.

रानवाट:

तपासणीचा मुद्दा मान्य. मात्र एक्सप्लोररची स्प्रिंगही साध्या स्टीलची नाही. ती नायोबियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असते, तिच्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही, आणि एस्केपमेंटचे, म्हणजे चाकांना ठरावीक ठोक्यांनी पुढे सोडणाऱ्या यंत्रणेचे, भागही निकेल-फॉस्फरसचे आहेत. रोलेक्सने गाऊसचा आकडा छापलेला नाही, म्हणून ते घड्याळ टॅबलेटच्या कव्हरला बिचकते असे होत नाही. तीन वर्षांत माझे घड्याळ एकदाही असे धावत सुटलेले नाही, आणि माझ्या टेबलावर आपण सांगितलेल्या सगळ्या वस्तू आहेत.

छायाचित्रिका:

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर लिहिते, कारण मी क्ष-किरण विभागात काम करते. दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्राचे क्षेत्र बरोबर १५,००० गाऊस असते. म्हणजे ओमेगाचा आकडा आमच्या यंत्राच्या पोटातला आहे. असे असले तरी कोणतेही घड्याळ घालून त्या खोलीत जायचे नाही, हे मी सर्वांना कळकळीने सांगते. घड्याळ बिघडते की नाही हा तिथे प्रश्नच नसतो, धातूची वस्तू ओढली जाऊन माणसाला इजा होते हा असतो. दाराबाहेर मात्र क्षेत्र पावलागणिक घटत जाते. पेसमेकर असलेल्या रुग्णांसाठी आखलेली सीमारेषा वर्षानुवर्षे पाच गाऊसची होती, आणि चुंबकरोधक म्हणवणाऱ्या साध्या घड्याळाचे आंतरराष्ट्रीय मानक सुमारे साठ गाऊसचे आहे. त्यामुळे ऑफिसात बसणाऱ्या माणसाने १५,००० या आकड्यावरून घड्याळ निवडण्याचे कारण मला दिसत नाही. चुंबक अगदी चिकटून असेल तरच धोका असतो, आणि त्यासाठी दोन्ही घड्याळे पुरेशी सक्षम आहेत.

मी स्वतः ॲक्वा टेरा घातले आहे, ते मात्र वेगळ्या कारणाने. मला ते सुंदर वाटते. तबकडीवरच्या आडव्या रेघा नौकेच्या सागवानी डेकवरून घेतलेल्या आहेत, आणि खिडकीशी उभे राहून हात किंचित फिरवला की प्रकाश एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर सरकताना दिसतो. बारा तासांच्या पाळीत दिवसभर एकच वस्तू डोळ्यांसमोर असणार असेल, तर तिच्याकडे पाहून बरे वाटणे हीसुद्धा उपयुक्तताच आहे.

भिंगवाला:

आमच्या घरात तीन पिढ्या घड्याळदुरुस्ती होती. आजोबा उजव्या डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसत, आणि गिऱ्हाइकाला आधी विचारत की हे घड्याळ किती वर्षे वापरायचे आहे. हा प्रश्न या धाग्यावर अजून कुणी विचारलेला नाही.

दोन्ही कंपन्या पाच वर्षांची हमी देतात. रोलेक्स साधारण दहा वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवते, ओमेगा पाच ते आठ वर्षांनी. ओमेगाच्या यंत्रातली को-ॲक्सियल एस्केपमेंट ही जॉर्ज डॅनियल्स या इंग्लिश घड्याळकाराची निर्मिती. नेहमीच्या एस्केपमेंटमध्ये दातांची घसरण होते, तिला तेल लागते आणि तेल जुने झाले की चाल बिघडते. डॅनियल्सने ती घसरण जवळजवळ काढून टाकली आणि ओमेगाने १९९९ मध्ये ती रचना बाजारात आणली. घड्याळाच्या कलेवर प्रेम असणाऱ्याला एवढ्यासाठीही ॲक्वा टेरा घ्यावेसे वाटेल, आणि मागच्या काचेतून यंत्र दिसतेही.

तरीही माझे मत एक्सप्लोररला आहे. ॲक्वा टेराच्या पट्ट्याशी जोडणाऱ्या शिंगांना पिळदार वळण आहे आणि त्यावर चकचकीत व मॅट पृष्ठभागांना विभागणारी धारदार कड आहे. माझ्या मेहुण्यांनी आपले ॲक्वा टेरा एका दुकानात पॉलिशला दिले, आणि परत आले तेव्हा ती कड साबणाच्या वडीसारखी गोलसर झाली होती. धातू गेला तो गेला, परत आणता येत नाही. दुकानदाराने चरे निघाल्याचे बोट ठेवून दाखवले आणि पैसे घेतले. एक्सप्लोररचा आकार साधा आहे. बेझल, म्हणजे काचेभोवतीचे कडे, चकचकीत असल्यामुळे त्यावरही चरे पडतात, पण चरे पडलेले एक्सप्लोरर वापरलेले दिसते, आणि कड गेलेले ॲक्वा टेरा बिघडलेले दिसते. घ्या कोणतेही, पण कृपा करून पॉलिश करू नका.

मनगटमाप:

भिंगवाला, मेहुण्यांच्या घड्याळाचे वाचून वाईट वाटले. तो दोष मात्र हाताळणाऱ्याचा आहे. अचूकतेबद्दल एक राहिले. रोलेक्स दिवसाला उणे दोन ते अधिक दोन सेकंदांची हमी देते, ओमेगाच्या घड्याळाची मर्यादा शून्य ते अधिक पाच आहे. म्हणजे वाईटात वाईट धरले तर महिन्याला एक मिनिट विरुद्ध अडीच मिनिटे, आणि इथे रोलेक्स पुढे आहे हे मी कबूल करतो. फक्त ओमेगा मागे पडत नाही, आणि गाडी गाठणाऱ्या माणसाला मागे पडणारे घड्याळ नको असते.

फिरतीवर असणाऱ्यांनी ४१ मिमीच्या ॲक्वा टेराचा जरूर विचार करावा. त्यातल्या ८९०० यंत्रात मिनिट काटा न हलवता तासकाटा एकेक तासाने पुढेमागे उडवता येतो. एक्सप्लोररमध्ये असे काहीच नाही.

खाडीपलीकडे:

मी दुबईत राहतो आणि दर दोन महिन्यांनी पुण्याला येतो. माझ्याकडे तेच ४१ मिमीचे ॲक्वा टेरा आहे, म्हणून अनुभव सांगतो. दुबई आणि भारत यांच्यात दीड तासाचे अंतर आहे. तासकाटा एक तास उडवला तरी उरलेला अर्धा तास मिनिट काट्यानेच भरावा लागतो, म्हणजे चावी पूर्ण ओढून घड्याळ थांबवणे आलेच. लंडनचे अंतर साडेचार किंवा साडेपाच तासांचे, तिथेही तेच. जिनिव्हाहून लंडनला जाणाऱ्यासाठी ती सोय उत्तम आहे. भारतात येणाऱ्याला अर्धा तास दर वेळी आडवा येतो. शिवाय या यंत्रात तारीख पटकन बदलण्याची वेगळी सोय नाही. घड्याळ चार दिवस पडून राहिले तर तासकाटा दर दिवसामागे दोन फेरे फिरवत आजच्या तारखेपर्यंत आणावा लागतो. ३८ मिमीच्या ८८०० मध्ये तारीख थेट बदलते. मला पुन्हा निवडायचे झाले तर मी रानवाट यांच्या बहिणीचे घड्याळ घेईन, त्यांचे स्वतःचे नाही. तारीख मलाही रोज लागते, आणि एक्सप्लोररसाठी दुकानदाराने मला कधी मिळेल हे सांगितलेच नव्हते, तर ॲक्वा टेरा त्याच दिवशी काचेच्या कपाटातून काढून हातात दिले होते.

रानवाट:

बहिणीला हा धागा वाचून दाखवला. तिचे म्हणणे असे की पट्टा रुततो तेव्हा ती ॲक्वा टेरा कातड्याच्या पट्ट्यावर घालते, आणि मला ते दोन महिन्यांत सुचले नाही. पावसाळ्यात कातडे कसे टिकते ते तिला विचारले आहे. सप्टेंबरनंतर इथेच लिहीन.