थायलंडमधलं राजभट विद्यापीठ: खरंच विद्यापीठ, की डी.एड. कॉलेजची बदललेली पाटी?

मोगऱ्याची_कळी:
माझ्या भाचीला थायलंडमधल्या एका राजभट विद्यापीठात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळतेय. बँकॉकमधल्या एका ओळखीच्यांनी नाव ऐकताच नाक मुरडलं, "ते मास्तरांचं कॉलेज हो!" म्हणाले. नेटवर तर या नावाची ढिगानं विद्यापीठं दिसतात. कुणी तिथे राहिलंय का?

खडूफळा:
राहिलोय. ईशान भागातल्या (आपलं ईशान्यच ते) एका राजभटमध्ये सहा वर्षं इंग्रजी शिकवलं.

मास्तरांचं कॉलेज होतं हे खरं, पण त्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? राजा चुलालोंगकोर्नच्या काळात, १८९२ साली, बँकॉकमध्ये शिक्षक घडवायची पहिली शाळा निघाली. आजचं फ्रा नाखोन राजभट आपलं मूळ तिथे सांगतं. पुढे प्रांतोप्रांती अशी कॉलेजं झाली. १९७५च्या कायद्यानं त्यांना पदवी देता येऊ लागली, १९८४ला शिक्षणाबाहेरचे विषयही आले. १९९२मध्ये राजा भूमिबोलनं 'राजभट' हे नाव दिलं आणि २००४ला सगळी एकदम विद्यापीठं झाली. तेव्हा ४१ होती, आता ३८ आहेत.

नावाची गंमत सांगतो. तिकडे उच्चार 'रात-छा-फट' असा करतात, त्यामुळे आपला 'राजभट' त्यात लपलाय हे कळायला मला दोन महिने लागले. भट म्हणजे पूजा सांगणारा नव्हे हं, राजाचा चाकर. शिक्षणशास्त्राची फॅकल्टी 'खुरुसात', म्हणजे गुरुशास्त्र. मला सगळे 'आचान' म्हणायचे, तो आपला आचार्य. आणि विद्यापीठाला शब्द 'महाविद्यालय'! घरी फोनवर सांगितलं तर आईला वाटलं, पोराला कॉलेजवरच खाली ढकललं.

जून-जुलैत एका गुरुवारी 'वाई ख्रू' असतो, गुरुवंदना. पोरं आदल्या संध्याकाळी जमिनीवर बसून तबकं सजवतात. पहिल्या वर्षी डोकावलो तर तबकात चक्क दूर्वा आणि भाताच्या लाह्या! सोबत पेंडगुळाची (इक्सोरा) फुलं नि वांग्याचं फूल. वांग्याचं का, तर ते खाली मान घालून असतं, शिष्यानंही तसंच असावं म्हणून. मी दूर्वा निवडायला बसलो तेव्हा पोरी हसून हसून लोळल्या. आचानांनी तबकाला हात लावायचा नसतो म्हणे.

शंकेखोर:
नावं सुंदरच, पण दर्जाचं बोला. चुलालोंगकोर्न, थम्मासात अशा बँकॉकच्या नावाजलेल्या विद्यापीठांत जागा मिळाली तर राजभटकडे कोण फिरकेल?

खडूफळा:
फार थोडे. ही उतरंड आहेच, आणि पदवीवर कुठलं नाव आहे हे नोकरी देणारे बघतात. पण माझ्या वर्गातली निम्मी पोरं भातशेती करणाऱ्यांच्या घरची. बँकॉकला खोली घेऊन राहणं त्यांना झेपणारच नव्हतं. शनिवार-रविवारी नोकरदारांचे वर्ग असायचे. पुढच्या बाकावर एक सरकारी कारकून बाई, मांडीवर डुलक्या घेणारं लेकरू, नि तरी तिची वही वर्गात सगळ्यात नीटनेटकी. शिक्षक व्हायचा कोर्स आधी पाच वर्षांचा होता, २०१९पासून चारचा झाला. माझ्या मते पाचच बरा होता, शेवटचं अख्खं वर्ष पोरं शाळेत उभी राहून शिकवायची.

मोगऱ्याची_कळी:
वा! मग हो म्हणू दे ना तिला?

खडूफळा:
म्हणू दे, पण करार हातात आल्यावर. परदेशी शिक्षकाचा करार बहुधा वर्षाचा असतो. माझा एकदा उशिरा निघाला, व्हिसा संपायला चार दिवस राहिले होते आणि आमच्या ऑफिसातली बाई शांतपणे 'माय पेन राय' (काही हरकत नाही) म्हणत होती. कुठल्या फॅकल्टीत घेताहेत, तेही विचारायला सांगा. गुरुशास्त्रात असेल तर चांगलं. उद्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी पोरं तिच्यासमोर बसलेली असतील.

सुगरण_बिगरण:
थोडं अवांतर. 'ढिगानं' म्हणालात त्यात सुआन दुसित मोजू नका. स्वयंपाक नि गृहशास्त्रासाठी नावाजलेलं, तेही याच घरातलं, पण २०१५ला राजभट नाव सोडून वेगळं झालं. भाचीची ऑफर नक्की कुठली आहे?

मोगऱ्याची_कळी:
चांथाबुरीची. रामफाई बार्नी असं काहीतरी लिहिलंय.

खडूफळा:
अरे वा, राणी रामफाई बार्नीच्या जुन्या बागेतला कॅम्पस! फळांचा मुलूख आहे तो. तिला डुरियनचा वास सहन होतो का, तेवढं विचारा.