पोकरच्या टर्बो स्पर्धेचा मधला टप्पा: 15 बीबीचं करायचं काय?

फोल्डकर
गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोतली टर्बो (ब्लाइंड झपाट्याने वाढणारी स्पर्धा) धरा: 15 मिनिटांची लेव्हल, नऊ जणांचं टेबल, बिग ब्लाइंड अँटी. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी सक्तीने भरायच्या चिप्स, स्मॉल आणि बिग; अँटी म्हणजे वर आणखी एक बिग ब्लाइंड, तीही बिग ब्लाइंडवालाच भरतो. लेट रजिस्ट्रेशन (उशिरा नाव नोंदवायची मुदत) बंद होताना 400/800 ला 20,000 चिप्स, म्हणजे 25 बीबी (बिग ब्लाइंड). पत्ते आले नाहीत की बघता बघता 9 बीबी उरतात. मध्ये थांबायचं की मिळेल त्या पत्त्यांवर ऑल-इन (सगळ्या चिप्स लावायच्या)?

सातदोन
आधी हिशोब बघा. लाइव्ह टेबलवर 15 मिनिटांत जेमतेम सात हात (डाव) होतात, म्हणजे तीन लेव्हलमध्ये दोन फेऱ्या. एक फेरी अडीच बीबीला पडते (अर्धा स्मॉल, एक बिग, एक अँटी). दोन्ही मिळून साधारण 5,000 गेले, उरले 15,000, आणि तोवर लेव्हल 800/1600. तुमचे 9 बीबी ते हेच.

म्हणून 12 ते 18 बीबी असतानाच हात चालवायचा. समजा बटनने (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळणाऱ्या जागेवरच्याने) 2.2 बीबीला ओपन केलं, म्हणजे पहिली रेझ केली, तुम्ही बिग ब्लाइंडला, अँटी भरून ब्लाइंडसकट 14 बीबी. पॉटमध्ये 4.7 पडलेत. ऑल-इनला आणखी 13 लागतात. कॉल झाल्यावर (समोरच्याने तेवढेच भरल्यावर) तुमची इक्विटी, म्हणजे पॉटमधला सरासरी वाटा, 35 टक्के धरली, तर बटनने साधारण 36 टक्के वेळा फोल्ड केलं (पत्ते टाकले) की बरोबरी. बटनवरून पुष्कळ पत्त्यांवर ओपन करणारा त्याहून बराच जास्त फोल्ड करतो. सूटेड (एकाच चिन्हाचे) एक्का-पंजी, राजा-राणी, पंजीपासून वरच्या जोड्या इथे बिनधास्त.

हेच 8 बीबीवर केलंत तर? बटनला 5.8 भरून 17.5 चा पॉट मिळतोय, 33 टक्के पुरतात. राजा-नव्वीवरसुद्धा तो कॉल करणार. 14 ला हाच आकडा 40 टक्के असतो. पत्ते तेच, फोल्ड इक्विटी (समोरचा पत्ते टाकेल यातला फायदा) मात्र संपली.

बटनवाला
हिशोब बरोबर, पण ओपन करणाऱ्याचा स्टॅक (उरलेल्या चिप्स) आधी बघा. 9 बीबीतून 2.2 टाकणारा फोल्ड करायला बसलेला नाही. तिथे सूटेड एक्का-पंजी गुपचूप सोडा.

आणि लहान स्टॅकवर कॉल करून फ्लॉप (टेबलवरचे पहिले तीन पत्ते) बघायची सवय! बिग ब्लाइंडमधून 2 च्या ओपनला ठीक, एक भरून 5.5 चा पॉट, 18 टक्के इक्विटी पुरते. कटऑफवरून (बटनच्या आधीच्या जागेवरून) 15 बीबीत सूटेड गुलाम-दश्शीने कॉल केलात की मागचा कोणीतरी ऑल-इन जातो आणि तुमचे दोन बीबी फुकट.

बबलजवळ (बक्षिसांच्या अगदी अलीकडे) सगळं आवळायचं. टेबलवर 4-5 बीबीवाले दोघे असताना चिपलीडरच्या (सर्वात जास्त चिप्सवाल्याच्या) ओपनवर ऑल-इन जाऊ नका, तुमच्याइतक्याच स्टॅकवाल्यावर जा. बाद होण्याची भीती त्यालाही असते.

फोल्डकर
बाउंटी (एखाद्याला बाद केल्याचं बक्षीस) असेल तर?

सातदोन
ज्याचा स्टॅक तुमच्यापेक्षा मोठा, तो बाउंटीपायी ढिला कॉल करतो. फोल्ड कमी धरा: एक्का-पंजी वगळा, एक्का-दश्शी आणि सत्तीच्या जोडीपासून वर ठेवा. तुमचा स्टॅक मोठा असेल तर त्याची बाउंटी तुमच्या कॉलच्या हिशोबात धरा.