मदत हवी आहे: मुलाच्या बीटेकचा एकूण निकाल युनिट्सच्या श्रेणींवरून कसा काढतात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आधी एक खुलासा: हे आपल्याकडचं बी. टेक. नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षानंतर ए लेव्हलऐवजी (म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या अभ्यासक्रमाऐवजी) पिअर्सन या परीक्षा मंडळाचा बीटेक नावाचा व्यावसायिक अभ्यासक्रम घेता येतो, त्याबद्दल विचारतेय. आम्ही तीन वर्षांपूर्वी सांगलीहून रेडिंगला आलो. मुलगा इंजिनिअरिंगच्या लेव्हल ३ एक्स्टेंडेड डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाची ऑफर आलीय, पण अट आहे 'डीएमएम'ची, म्हणजे एक डिस्टिंक्शन आणि दोन मेरिट.

एकूण १५ युनिट्स आहेत. कॉलेजात तपासली जाणारी १२, त्यातली ९ पूर्ण झाली: ४ डिस्टिंक्शन, ४ मेरिट, १ पास. उरलेल्या तिन्हींचा कॉलेजचा अंदाज एक डिस्टिंक्शन, एक मेरिट, एक पास असा आहे. बाहेरून तपासली जाणारी तीन. त्यात युनिट १ (इंजिनिअरिंग प्रिन्सिपल्स) मध्ये 'एन', म्हणजे नियर पास मिळालाय. युनिट ३ मध्ये पास. युनिट ६ (मायक्रोकंट्रोलर) मे महिन्यात आहे, तिथे मेरिट येईल असं त्याचे सर म्हणतात.

काल रात्री नेटवर एक तक्ता सापडला: पासला ७, मेरिटला ८, डिस्टिंक्शनला ९, आणि त्याला युनिटच्या क्रेडिट्सनी गुणायचं. मी प्रत्येक युनिट १० क्रेडिटचं धरलं, एनला शून्य धरलं. बेरीज आली ११४०. त्याच तक्त्यात नुसत्या 'पीपीपी'लाच १२६० लागतात असं लिहिलंय! म्हणजे पोरगा नापास? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्याला अजून काही बोलले नाहीये. ह्यांचं पॉलिटेक्निक महाराष्ट्रात झालंय, ते म्हणतात एन म्हणजे सरळ केटी लागली, आधी ती काढायला हवी. हे खरं आहे का? आणि ती तीन अक्षरं कुठल्या तीन विषयांची असतात? कुणी या वाटेनं गेलं असेल तर कृपया सांगा.

वर्कशॉप_ते_वर्ग

ताई, आधी शांत व्हा. तुमचा हिशोब चुकलेला नाही, तक्ता चुकीचा आहे. ७-८-९ वाली पद्धत २०१० च्या जुन्या अभ्यासक्रमाची. तो १८० क्रेडिट्सचा होता, म्हणून तिथे किमान १२६०. तुमचा मुलगा २०१६ च्या अभ्यासक्रमात आहे. तिथे क्रेडिट नाहीत, शिकवण्याचे ठरलेले तास आहेत, ज्यांना इथे जीएलएच म्हणतात. एक्स्टेंडेड डिप्लोमा १०८० तासांचा. मी मिडलंड्समधल्या एका कॉलेजात नऊ वर्षं हेच शिकवलंय, आणि दरवर्षी दोन-तीन पालक हाच जुना तक्ता घेऊन घाबरेघुबरे येतात.

आता नवे अंक लिहून घ्या. ६० तासांच्या युनिटला पास ६, मेरिट १०, डिस्टिंक्शन १६. १२० तासांच्या युनिटला बरोबर दुप्पट: १२, २०, ३२. बाहेरून तपासल्या जाणाऱ्या १२० तासांच्या युनिटला नियर पासचे ८.

एकूण बेरीज १०८ झाली की पीपीपी. पुढे १२४ एमपीपी, १४० एमएमपी, १५६ एमएमएम, १७६ डीएमएम, १९६ डीडीएम, २१६ डीडीडी. त्याच्या वर डी स्टारच्या (डिस्टिंक्शनच्याही वरच्या श्रेणीच्या) पायऱ्या, २३४, २५२ आणि सगळ्यात वर २७०.

ती तीन अक्षरं कुठल्याच विषयांची नाहीत. हा अभ्यासक्रम तीन ए लेव्हलच्या बरोबरीचा मानतात म्हणून तीन अक्षरं, एवढंच. सगळ्या युनिट्सची एकच बेरीज होते आणि ती कुठल्या टप्प्यात बसते त्यावरून तिन्ही अक्षरं एकदम ठरतात.

एन म्हणजे केटी नव्हे. अनिवार्य युनिट्समध्ये किमान पास लागतो, पण बाहेरच्या परीक्षेच्या युनिटला एनसुद्धा चालतो. 'यू', म्हणजे नियर पासही नाही, असा निकाल आला असता तर मात्र डिप्लोमाच अडला असता, मग बाकी बेरीज कितीही असो. शिवाय १०८० पैकी किमान ९०० तासांच्या युनिट्समध्ये पास (बाहेरच्यांत एन) हवा. तुमच्याकडे यू एकही नाही, तेव्हा ही अट आपोआप पुरी होते.

कृष्णाकाठ

दादा, देव तुमचं भलं करो. लगेच करून बघितलं. सगळी युनिट्स ६० तासांची धरली. ५ डिस्टिंक्शनचे ८०, युनिट ६ धरून ६ मेरिटचे ६०, युनिट ३ धरून ३ पासचे १८, एनचे ८. एकूण १६६. म्हणजे एमएमएम. दहा अंक कमी पडतात हो.

वर्कशॉप_ते_वर्ग

नाही ताई, पुन्हा मांडू. इंजिनिअरिंगमध्ये १, ३ आणि ६ ही तिन्ही बाहेरची युनिट्स १२० तासांची असतात. बाकीची १२ साठ-साठ तासांची. बाराची बेरीज: ५ × १६ = ८०, ५ × १० = ५०, २ × ६ = १२, एकूण १४२. त्यात युनिट १ चे ८, युनिट ३ चे १२, युनिट ६ ला मेरिट आलं तर २०. झाले १८२. डीएमएम, वर सहा शिल्लक.

पण युनिट ६ ला पासच आला तर १७४. दोन अंकांनी डीएमएम हुकतं! सगळी युनिट्स सारख्या वजनाची समजणं ही पालकांचीच नाही, मुलांचीही नेहमीची चूक. छोट्या असाइनमेंटवर आठवडे घालवतात आणि दुप्पट वजनाच्या परीक्षेला चार दिवस देतात. मला याचं फार वाईट वाटायचं, कारण बहुतेकदा ती मुलं मेहनती असायची, फक्त वजन कुणी समजावलेलं नसायचं.

आणखी एक बघा. पासवरून मेरिटला गेलं की ६० तासांच्या युनिटला ४ वाढतात, पण मेरिटवरून डिस्टिंक्शनला गेलं की ६. जुन्या पद्धतीत दोन्ही पायऱ्या सारख्या होत्या. आता वरची पायरी जास्त देते.

लेस्टरची_मावशी

माझ्या भाचीच्या वेळी एक गोष्ट उशिरा कळली म्हणून सांगते. ऑफरचं पत्र नीट वाच गं. काही विद्यापीठं इंजिनिअरिंगला नुसतं डीएमएम मागत नाहीत, युनिट ७ (कॅल्क्युलस) किंवा युनिट १ मध्ये ठरावीक श्रेणीही मागतात. तिथे बेरीज कितीही भरली तरी उपयोग नसतो. आणि अट अक्षरांत आहे की यूकासच्या (इथल्या विद्यापीठ प्रवेशाच्या संस्थेच्या) अंकांत, तेही बघ. डीएमएमचे यूकास अंक ११२, एमएमएमचे ९६.

कृष्णाकाठ

मावशी, पत्र आत्ता काढून वाचलं. डीएमएम, आणि कॅल्क्युलसला किमान मेरिट. कॅल्क्युलस झालंय, त्याला मेरिटच आहे. हुश्श!

दादा, आता ह्यांचा प्रश्न: जी चार मेरिट पक्की झालीत त्यातलं एखादं पुन्हा करून डिस्टिंक्शन करता येईल का? सहा अंक वाढले तर युनिट ६ ला पास आला तरी चालेल.

वर्कशॉप_ते_वर्ग

पक्की झालेली आता सोडून द्या. काम वेळेत जमा केलं असेल आणि अंतर्गत तपासणीच्या प्रमुखांनी परवानगी दिली असेल, तर एकदाच सुधारून देता येतं, तेही १५ कामाच्या दिवसांत. त्यानंतरची वेगळी संधी फक्त पासही न मिळालेल्यांसाठी असते आणि तिच्यात पासच्या वर काही मिळत नाही.

तुमचा वाव उरलेल्या तीन युनिट्समध्ये आहे. विशेषतः पासचा अंदाज आहे त्यात. बीटेकमध्ये युनिटची श्रेणी गुणांच्या सरासरीनं ठरत नाही. प्रत्येक युनिटला पास, मेरिट, डिस्टिंक्शनचे लेखी निकष असतात. मेरिट हवं तर पासचे सगळे आणि मेरिटचे सगळे निकष पुरे करावे लागतात. मेरिटचा एक निकष सुटला की बाकी काम कितीही सुंदर असलं तरी अख्खं युनिट पासवर. आपल्याकडच्या परीक्षेत एका धड्याचे गुण दुसऱ्यात भरून निघतात, इथे युनिटच्या आत तसं होत नाही. भरपाई होते ती युनिट्सच्या बेरजेत. तेव्हा त्याला विचारा, पासचा अंदाज नेमक्या कुठल्या निकषामुळे? 'अभ्यास वाढव' असं सांगू नका, तो निकष वाचून दाखवायला सांगा.

आणि युनिट १ चे नक्की अंक कॉलेजकडून मागवा. बाहेरच्या युनिट्ससाठी मी दिलेले अंक त्या त्या श्रेणीचे किमान आहेत. प्रत्यक्षात मिळालेल्या गुणांप्रमाणे थोडे जास्तही असू शकतात.

कृष्णाकाठ

दोन दिवसांनी लिहितेय. कॉलेजच्या परीक्षा विभागानं कळवलं: युनिट १ चे ८ नाहीत, १० आहेत. युनिट ३ चे १२ च. म्हणजे युनिट ६ ला जेमतेम पास आला तरी १७६, बरोबर काठावर. ह्यांनी तीन वेळा बेरीज तपासली.

मुलाशीही बोलले. जुना तक्ता दाखवला, तर म्हणाला, "आई, मला विचारायचं ना." पासचा अंदाज असलेल्या युनिटमध्ये एका पद्धतीची दुसऱ्याशी तुलना करायची होती, त्यानं दोन्हींचं नुसतं वर्णन केलंय. ते काम अजून जमा व्हायचंय, तुलना या शनिवार-रविवारी लिहून काढतो म्हणाला.

एक शेवटचं विचारते. युनिट १ ची परीक्षा पुन्हा द्यायची का, ते शुक्रवारपर्यंत कळवायचंय. एनचा पास झाला तर?

वर्कशॉप_ते_वर्ग

१० चे किमान १२ होतील, म्हणजे कदाचित फक्त दोनच वाढतील. ती तुलना नीट लिहिली तर चार वाढतात, युनिट ६ ला पासऐवजी मेरिट आलं तर आठ. दोन्ही परीक्षांची तयारी एकाच महिन्यात पडत असेल तर मी त्याला युनिट ६ कडेच लावलं असतं. पण त्याला स्वतःला काय वाटतं?

कृष्णाकाठ

विचारलं. युनिट ६ च करणार म्हणतोय. कॉलेजला तसं कळवलं.