'हेजिरा'ला दौऱ्यावरचा अल्बम म्हणणं बंद करा

कोमलगांधार (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात इथेच 'लांबच्या प्रवासात ऐकायचे दहा अल्बम' अशी यादी आली. सहाव्या क्रमांकावर कॅनेडियन गायिका-गीतकार जोनी मिचेलचा 'हेजिरा' आणि त्याखाली एकच ओळ: 'दौऱ्याच्या धकाधकीतून जन्मलेला आद्य इंडी फोक अल्बम'. एका ओळीत तीन चुका करायलाही कसब लागतं. तिथेच दोन शब्दांत सांगणार होतो, पण खाली ढिगाने '+१' पडलेले पाहिले आणि राहवलं नाही.

इंडी, म्हणजे बड्या कंपन्यांबाहेरचं? असायलम रेकॉर्ड्स, वॉर्नरच्या छत्राखालची कंपनी, नोव्हेंबर १९७६. तोवर ती मोठी स्टार होती. फोक? लॅरी कार्लटनची इलेक्ट्रिक गिटार, व्हिक्टर फेल्डमनचा व्हायब्राफोन, जाको पास्टोरियसचा फ्रेटलेस, म्हणजे बिनपडद्यांचा, बास गिटार. हे फोक असेल तर नाट्यसंगीत भारूड आहे.

राहता राहिला दौरा. एल.ए. एक्स्प्रेस बँडबरोबरचा तिचा दौरा १९७६ च्या फेब्रुवारीअखेर मोडला, पुढचे कार्यक्रम रद्द झाले. त्यानंतर दोन मित्रांबरोबर मोटारीने लॉस एंजेलिसहून मेन राज्यात, आणि तिथून फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताच्या कडेने एकटीने परत. बहुतेक गाणी या परतीच्या वाटेवरची. ना मंच, ना साऊंडचेक, ना प्रेक्षक. याला सहल म्हणतात, दौरा नव्हे. आणि नऊ गाण्यांत धड एक धृपद नाही, सगळी एकाच चालीत वाहत जातात, हे तरी कुणीतरी कबूल करा.

फाटक्याखिशाचा

असहमत, आणि तेही सविस्तर.

पहिलं गाणं 'कोयोटी' कुठून आलं? बॉब डिलनच्या 'रोलिंग थंडर' दौऱ्यातून. १९७५ च्या नोव्हेंबरात ती त्यात पाहुणी म्हणून शिरली आणि शेवटपर्यंत राहिली. गाणं त्याच मंडळींत, त्याच बसमध्ये घडलं. 'फरी सिंग्ज द ब्लूज' हे मेंफिसच्या बील स्ट्रीटचं आणि म्हाताऱ्या ब्लूज गायक फरी लुईसला भेटल्याचं गाणं, आणि मेंफिस हा एल.ए. एक्स्प्रेस दौऱ्याचाच मुक्काम होता. मुखपृष्ठावर मागे दिसणारं गोठलेलं तळं म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचं लेक मेंडोटा, म्हणजे दौरा जिथे मोडला ते गाव. नऊपैकी दोन गाणी आणि अख्खं कव्हर दौऱ्याचं आहे. तरीही सहल?

आणि सहल तरी कसली हो? ड्रायव्हिंगचं लायसन्स नाही, म्हणून फक्त दिवसाउजेडी आणि ट्रकांच्या मागे मागे गाडी चालवायची, कारण पुढे पोलीस असले की ट्रकवाले दिवे उघडझाप करून खूण करतात. हे तिनेच सांगितलेलं आहे. डोक्यावर लाल विग, मोटेलच्या वहीत खोटं नाव. ही सहल नाही, फरारी आहे.

ब्रिजपिकअप

दोघंही मुख्य माणसाला विसरताय. जाको नसता तर हा अल्बम आज कुणी ऐकला नसता. १९६२ चा फेंडर जॅझ बास, पडदे उपटून काढलेले, खाचा बुजवलेल्या आणि वर बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचे थर. ते का, तर राऊंडवाऊंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारा रोझवूडचा फिंगरबोर्ड किसणीसारखा खातात. इपॉक्सी कडक, ती झिजत नाही आणि सूर जास्त वेळ गुंजतो. त्यात सगळा आवाज पुलाजवळच्या पिकअपचा (तारेचा कंप टिपणाऱ्या चुंबकाचा), म्हणून तो नाकातून गायल्यासारखा येतो. गळ्यासारखा मींड घेणारा बास आहे म्हणूनच धृपद नसलेली गाणी तरून जातात.

तिसरी घंटा

ब्रिजपिकअप, जाको नऊपैकी फक्त चार गाण्यांत आहे: कोयोटी, हेजिरा, ब्लॅक क्रो आणि रेफ्यूज ऑफ द रोड्स. फरी आणि साँग फॉर शॅरनवर मॅक्स बेनेट, ब्लू मोटेल रूमवर चक डोमॅनिको. अमीलिया आणि अ स्ट्रेंज बॉयमध्ये तर बासच नाही. अमीलियात फक्त तिची गिटार, कार्लटन आणि व्हायब्राफोन, तरीही अनेकांच्या मते सगळ्यात भारी गाणं तेच. कव्हर न वाचता भक्ती करू नये.

ब्रिजपिकअप

बरं बुवा, चार तर चार. पण शीर्षकगीतात बासचे चार वेगवेगळे ट्रॅक आहेत, ठरावीक जागीच एकत्र वाजणारे. म्हणजे हिशेबाने सातच की! (हलके घ्या.)

खुंटीपिळ्या

'सगळी एकाच चालीत' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने गिटार हातात घेतलेली नाही किंवा घेतली असेल तर इ-ए-डी-जी-बी-इ या नेहमीच्या लावणीच्या पुढे गेलेला नाही.

कोयोटीचं ट्यूनिंग जाड तारेपासून: सी जी डी एफ सी इ. आपल्या भाषेत, सी ला सा धरा: सा प रे म सा ग. मोकळ्या तारा छेडल्या की शुद्ध मध्यम आणि शुद्ध गंधार एकाच वेळी वाजतात. 'ग' म्हणतो घरी चला, 'म' म्हणतो थांबा. एक बोट आडवं ठेवून वरखाली सरकलात की हीच कुरबूर दर पडद्यावर सोबत येते. त्यामुळे कॉर्ड कधी 'पोचत' नाही. धृपद म्हणजे पोचणं. हातात असलं ट्यूनिंग असेल तर धृपद येणारच नाही. आणि हे चोचले नाहीत. नवव्या वर्षी पोलिओ झाल्याने डावा हात अशक्त होता, अवघड पकडी जमत नव्हत्या, म्हणून खुंट्या पिळल्या.

कोमलगांधार

सा-प लावून तंबोऱ्याच्या गप्पा नकोत. तंबोरा एकदा लावला की रागभर तसाच राहतो. ही बाई गाण्यागणिक लावणी बदलते. त्याला आपल्याकडे बेसूर होण्याची तयारी म्हणतात.

खुंटीपिळ्या

बेसूर कशाने होतं ते तरी माहीत आहे का? ऐका. सहावी तार इ वरून सी ला म्हणजे ४ अर्धस्वर खाली. पाचवी २ खाली, चौथी तशीच, तिसरी २ खाली, दुसरी १ वर, पहिली तशीच. ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सहावी ८२.४ वरून ६५.४ हर्ट्झवर आली की ताण उरतो ६३ टक्के. पाचवी आणि तिसरी सुमारे ७९ टक्क्यांवर. दुसरी मात्र १२ टक्क्यांनी जास्त ताणली जाते, आणि जुनी, गंजकी तार असेल तर तुटते ती हीच.

एकूण ताण कमी झाला की मान किंचित मागे सरकते, तारा बोर्डाला खेटतात आणि पहिल्या दोन-तीन पडद्यांवर खर्ज खरखरतो. म्हणून आधी जाड तारा उतरवायच्या, मग बारीक, आणि सगळ्या तारा दुसऱ्यांदा तपासायच्या, कारण मान हलली की आधी लावलेली तार पुन्हा चढते. खाली आणताना हव्या सुराच्याही खाली जाऊन मग वर चढवायचं. नाहीतर खुंटीतला ढिलेपणा गाण्याच्या मध्यावर सुटतो. नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, तार अडकून 'टक्क' करत सुटायची थांबते.

तिसरी घंटा

मग सरळ जाड तार लावा ना. १२-५३ च्या सेटमधली (आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) ५३ काढा आणि ६७ घाला. ताण जसाच्या तसा.

खुंटीपिळ्या

कागदावर ६७ बरोबर आहे. प्रत्यक्षात ती नटच्या खाचेत बसत नाही, खाच कानशीने रुंद करावी लागते, आणि पुन्हा ५३ लावली की ती त्या रुंद खाचेत लोळते. ५९ लावा. ताण मूळच्या ७८ टक्के, म्हणजे पाचवी आणि तिसरीच्या पंगतीत. तीसुद्धा अडली तर खाच किंचितच घासा. खरखर उरलीच तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा सैल. पाव म्हणजे पावच, अर्धा नाही, आणि मग गिटार रात्रभर ठेवून सकाळी बघा.

तिसरी घंटा

म्हणजे माझं गणित बरोबर, फक्त तुमची कानस बोथट. आभार.

ब्रिजपिकअप

बासवाल्यांचे असले नखरे नसतात. चार तारा, प्रत्येक मागच्या तारेच्या मध्यमाला लावलेली.

फाटक्याखिशाचा

धाग्याचं गिटार-दुरुस्तीचं दुकान झालंय. मूळ विषयावर या.

शब्दांचा_हमाल

अवांतर, पण महत्त्वाचं: नावाकडे कुणाचंच लक्ष नाही. 'हेजिरा' म्हणजे हिजरत. हिजरी सनातला हाच शब्द. इ. स. ६२२, मक्का सोडून मदिना. देशांतर, आणि तेही सन्मानाने निघून जाणं. ज्या बाईने अल्बमला हे नाव ठेवलं ती 'दौऱ्यावर निघाले' म्हणत नाहीये, 'तिथून निघाले' म्हणतेय. कोमलगांधार यांचा मुद्दा बरोबर, दिलेली कारणं चुकीची.

कोमलगांधार

शेवटी एक वाचणारा माणूस भेटला. (कारणांबद्दलचं वाक्य दुर्लक्षित.)

खरा दौऱ्यावरचा अल्बम हवा असेल तर जॅक्सन ब्राऊनचा 'रनिंग ऑन एम्टी', १९७७. मंचावर, मंचामागे, हॉटेलच्या खोल्यांत आणि चालत्या बसमध्ये मुद्रित केलेला. बसमधल्या गाण्यात ड्रमर रस कंकलने बास ड्रमऐवजी पुठ्ठ्याच्या खोक्याला पायपेडल लावून ठोकलंय, आणि नीट ऐकलं तर बसचं इंजिन ऐकू येतं. शेवटी तर कलाकार सामान आवरणाऱ्या कामगारांवरच गातो. याला म्हणतात दौरा.

फाटक्याखिशाचा

आणि त्याच अल्बममधलं 'द रोड' हे दौऱ्यावरचं गाणं ब्राऊनचं नाहीच, डॅनी ओ'कीफचं आहे. म्हणजे दौऱ्यात बुडालेल्या माणसाला दौऱ्यावर लिहायला दुसऱ्याचं गाणं उसनं घ्यावं लागलं! बसमध्ये मायक्रोफोन लावला की बसचा आवाज मिळतो. बसमधून उतरल्यावर माणसाचं काय होतं, ते मिळत नाही.

इंडी फोकच हवं असेल तर अमेरिकन गायिका एड्रियन लेंकरचा 'साँग्ज' घ्या. २०२० च्या मार्चमध्ये करोनाने तिच्या 'बिग थीफ' बँडचा युरोपचा दौरा मध्येच तुटला. ती पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका खोलीच्या लाकडी झोपडीत गेली, एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रक फिल वाइनरोबबरोबर टेपवर मुद्रण केलं, मुद्रणापासून मास्टरिंगपर्यंत एकही डिजिटल टप्पा नाही. अकरापैकी नऊ गाणी तिथेच लिहिलेली. इथेही दौरा मोडला आणि मगच गाणी आली. चालू दौऱ्यात माणसाला कपडे धुवायला वेळ नसतो, गाणी कुठून लिहिणार? दौऱ्याचा अल्बम दौरा मोडल्यावरच होतो. सहलीचा मुद्दा आता तरी मागे घ्या.

कोमलगांधार

दोन उदाहरणांवर सिद्धांत. निबंधाला दहापैकी चार.

तिसरी घंटा

चार जास्तच दिले. लेंकरचा अल्बम मुळात प्रेमभंगाचा आहे. दौरा मोडला नसता तरी प्रेम मोडलंच होतं. आणि त्या हिशेबाने जोनीचंही ड्रमर जॉन गेरिनशी तेव्हाच फाटलं होतं, तरी तो अल्बमवर वाजवतोय. मग 'प्रेमभंगाचा अल्बम' म्हणा आणि विषय संपवा.

फाटक्याखिशाचा

गेरिन त्याच दौऱ्याच्या बँडचा ड्रमर होता! नातं आणि दौरा एकाच बसमध्ये होते. वेगळे काढून दाखवा, मग बोलू.

खुंटीपिळ्या

दुकान म्हणालात ना? आता दुकानातूनच उत्तर देतो.

कोयोटीसाठी चार तारा बदलायच्या. पुढच्या गाण्याला वेगळं ट्यूनिंग. तिची ट्यूनिंगं पन्नासच्या आसपास. प्रत्येक बदलाला पिळणं, मान स्थिरावणं, पुन्हा तपासणं धरून दीड-दोन मिनिटं. दहा गाण्यांच्या कार्यक्रमात सहज पंधरा मिनिटं नुसती खुंट्यांत जातात, आणि समोर हजारो लोक बसलेले. त्यात मंचावरच्या दिव्यांची उष्णता, एका गावची कोरडी हवा, दुसऱ्या गावची दमट. लाकूड फुगतं, मान हलते, दुपारी साऊंडचेकला लावलेलं रात्री लागलेलं नसतं. उपाय दोनच: पाच-सहा गिटारी आणि त्या लावणारा माणूस सोबत न्या, किंवा दौरा सोडा. ती याला इतकी कंटाळली की मंच सोडायच्या बेतात होती. १९९५ मध्ये रोलँडचं व्हीजी-८ मिळालं, ज्यात तारा नेहमीच्याच लावलेल्या राहतात आणि प्रत्येक तारेचा सूर यंत्र वेगवेगळा सरकवतं, तेव्हा ती त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ महोत्सवात उभी राहिली.

म्हणजे ज्या ट्यूनिंगमुळे ही गाणी झाली, तीच दौऱ्याच्या मुळावर उठणारी होती. मोटारीत, मोटेलच्या खोलीत हे ट्यूनिंग तासन्‌तास लावून ठेवता येतं, पुढच्या गाण्याची घाई नाही. म्हणून 'साँग फॉर शॅरन' साडेआठ मिनिटांच्या वर जाऊ शकतं. दौऱ्याने हा अल्बम घडवला, पण बाहेर ढकलून.

शब्दांचा_हमाल

हिजरतच की ही!

ब्रिजपिकअप

अहो पण साँग फॉर शॅरनवर जाको नाही, म्हणून ते लांबलंय.

कोमलगांधार

ठीक. कोयोटी आणि फरी दौऱ्याची, एवढं देतो. मुखपृष्ठही घ्या, ते नाहीतरी फोटोग्राफरचं आहे. बाकी सात गाणी माझ्याकडेच. 'फरारी' हा शब्द चांगला आहे, तो चोरतोय. इंडी आणि फोक या दोन चुका मात्र यादीवाल्याने अजून दुरुस्त केलेल्या नाहीत, आणि तो या धाग्यावर फिरकलेलाही नाही.

नवखा_तंतू

सगळं वाचलं, छान माहिती. एक शंका: हे सा प रे म सा ग बारा तारांच्या गिटारवर चालेल का?

खुंटीपिळ्या

चालेल. तिथे एकूण ताण कमी होणं पुलाच्या सांध्याला उलट बरंच. फक्त दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारा नव्या घाला, आणि खुंट्या आठ पिळायच्या आहेत हे लक्षात ठेवून

कोमलगांधार

नवा धागा काढा!