'पहिला ब्लॅक कोच' हा प्रश्न मॅच संपल्या संपल्या विचारायचा का?

बंड्या_शिकागो
गुरुवारी (9 जानेवारी 2025) मायामीतली ऑरेंज बोल बघितली का कुणी? कॉलेज फुटबॉलची सेमीफायनल, म्हणजे हेल्मेटवाला फुटबॉल, पायाचा नाही. नोटर डेमने पेन स्टेटला 27-24 हरवलं, तेसुद्धा सात सेकंद राहिलेली असताना 41 यार्डांवरून किक मारून. दोन्हीकडचे हेड कोच ब्लॅक, नोटर डेमचा मार्कस फ्रीमन आणि पेन स्टेटचा जेम्स फ्रँकलिन, त्यामुळे जो जिंकेल तो फायनलला जाणारा पहिला ब्लॅक हेड कोच होणार हे आधीच ठरलेलं होतं आणि आठवडाभर टीव्हीवर तेच दळण चालू होतं. मॅच संपली, फ्रीमनला धड श्वासही घेता येत नाहीये, पोरं अंगावर उड्या मारतायत, आणि समोर माईक. फायनलला जाणारा पहिला ब्लॅक कोच, कसं वाटतंय? तो म्हणाला की हा मान आहे, सगळ्यांनाच अशी संधी मिळत राहो, ब्लॅक, एशियन, व्हाइट कुणीही असो, पण हे माझ्याबद्दल नाही, आमच्या सगळ्यांबद्दल आहे.

मला प्रश्न ऐकून कसंतरीच झालं. वर्णाबद्दल विचारू नका असं मी म्हणत नाहीये, नीट वाचा. चुकीच्या माणसाला विचारला, एवढंच. ब्लॅक कोच इतक्या उशिरा का पोचला याचं उत्तर ब्लॅक कोचकडे कसं असणार? ते त्याला नोकरी देणाऱ्यांकडे, म्हणजे तेव्हा न देणाऱ्यांकडे आहे. त्यांच्या तोंडासमोर माईक कोण धरतं?

खवचट_काकू
बंड्या, तुझा मुद्दा ऐकायला छान आहे पण तो मालक माईकसमोर येणारच नाही, मग काय प्रश्न विचारायचाच नाही का? ती रिपोर्टर मैदानात उभी आहे, तिच्याकडे एक मिनिट आहे आणि इतिहास तिच्या डोळ्यांसमोर घडलाय. तिने काय विचारायचं, किक कशी वाटली? शिवाय फ्रीमनने उत्तर किती सुंदर दिलं. प्रश्नच नसता तर उत्तर कुठून आलं असतं.

दादरचा_बोका
मला तर हे सगळं टीआरपीचं लफडं वाटतं. कोच जिंकला, बास ना. कातडी कशाला मोजायची? तुम्हीच एकीकडे म्हणणार रंग बघू नका आणि दुसरीकडे तुम्हीच बोट दाखवणार. आणि त्याची आई कोरियन आहे हे किती मथळ्यांत आलं? अर्धाच माणूस मोजला यांनी.

बंड्या_शिकागो
@बोका, आईचा मुद्दा एकदम मान्य. बाकी नाही.

मी 2006 मध्ये शिकागोत आलो, थंडीत बाहेर पडायची सोय नाही म्हणून बेअर्सच्या (इथली व्यावसायिक टीम) मॅच बघायला लागलो आणि पहिल्याच सीझनला आमची टीम सुपर बोलला, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या फायनलला. 4 फेब्रुवारी 2007, मायामीतच, गंमत म्हणजे परवा ज्या मैदानावर मॅच झाली त्याच मैदानावर, धो धो पाऊस. आमचा लव्ही स्मिथ विरुद्ध कोल्ट्सचा टोनी डंजी, सुपर बोलमध्ये ब्लॅक हेड कोच पहिल्यांदाच आणि आले ते एकदम दोन. आमच्या हेस्टरने पहिलीच किक 92 यार्ड पळवत नेली तेव्हा मी सोफ्यावर उभा होतो, शेवटी 29-17 हरलो ते सोडा. दोन आठवडे पेपरात दोघांचे गळ्यात गळे घातलेले फोटो. बरं, हेच बास्केटबॉलमध्ये 1975 ला होऊन गेलं होतं, अल अ‍ॅटल्स विरुद्ध के. सी. जोन्स, म्हणजे बत्तीस वर्षं आधी!

पुढे काय झालं? 2012 ला लव्हीने 16 पैकी 10 मॅच जिंकल्या आणि सीझन संपताच त्याला नारळ दिला. तेव्हा त्या दोन आठवड्यांच्या चौथाईनेसुद्धा कुणी लिहिलं नाही.

दादरचा_बोका
दहा जिंकून प्लेऑफला गेले का?

बंड्या_शिकागो
नाही.

दादरचा_बोका
मग? 😄

ओवी_कॅरोलिना
मी साउथ कॅरोलिनात राहते, इथे डॉन स्टेली म्हणजे जवळजवळ देवीच, तिच्या बायकांच्या बास्केटबॉल टीमने गेल्या वर्षी 38 पैकी 38 जिंकल्या. तुम्ही सगळे 'पहिला' हा शब्द मीडियाने लादलाय असं गृहीत धरून बोलताय म्हणून एक गोष्ट सांगते. 1999 ला कॅरोलिन पेक ही कॉलेज बास्केटबॉलचं टायटल जिंकणारी पहिली ब्लॅक महिला कोच झाली. जिंकल्यावर बास्केटची जाळी कापून घ्यायची पद्धत आहे, तर पेकने तिच्या जाळीचा तुकडा पुढे स्टेलीला दिला, तू जिंकलीस की परत कर म्हणून. स्टेली 2017 ला जिंकली आणि नंतर तिने स्वतःच्या जाळीचे तुकडे कापून देशभरातल्या ब्लॅक महिला हेड कोचना पाठवले. हे काय टीआरपीसाठी केलं? कोण पहिली, कोण दुसरी याचा हिशोब त्या स्वतःच ठेवतायत कारण त्यांना तो लागतो. फ्रीमनला नको वाटला असेल, त्याचा त्याला हक्क, पण त्यावरून सगळ्यांनाच तो प्रश्न नकोय असं म्हणू नका.

खवचट_काकू
ओवी 👏 जाळीचं माहीतच नव्हतं गं.

जुना_तंबू
उलटं उदाहरण देतो. 1982, कॉलेज बास्केटबॉल, जॉर्जटाउनचा जॉन थॉम्पसन, फायनल फोरला (शेवटच्या चारांत) टीम नेणारा पहिला ब्लॅक कोच, पत्रकारांनी हाच प्रश्न विचारला आणि तो भडकलाच. म्हणाला, माझ्याआधी लायक कुणी नव्हताच असा याचा अर्थ होतो, संधी दिली असती तर माझ्याआधी कितीतरी जणांनी हे केलं असतं. दोन वर्षांनी टायटलही घेतलं. माझ्या मते इतकं नेमकं उत्तर त्यानंतर कुणी दिलेलं नाही, आणि मीडियाने चाळीस वर्षांत त्यातून काडीचा बोध घेतलेला नाही.

(अवांतर: आपल्याकडे क्रिकेटमधले दलित पाळवणकर बंधू आठवा. बाळूला अख्ख्या कारकिर्दीत हिंदू संघाचं कप्तानपद मिळालं नाही, धाकट्या विठ्ठलला मिळालं ते 1923 ला. विठ्ठल पहिला खरा, पण बाळूला का नाही हा प्रश्न जिमखान्यात बसणाऱ्यांना विचारायचा होता.)

दादरचा_बोका
आलंच क्रिकेट. वाटच बघत होतो.

बंड्या_शिकागो
@जुना_तंबू दादा, हेच मला सांगायचं होतं, तुम्ही चार ओळीत सांगितलंत.

@ओवी, तुझं पटतंय आणि पटत नाहीये. जाळी एकीने दुसरीला दिली, आपापसात. माईक बाहेरून येतो. फरक आहे ना?

आता नोटर डेमचंच बघा, कारण या आठवड्यात कुणी टीव्हीवर हे नीट सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. फ्रीमन काही तिथला पहिला ब्लॅक हेड कोच नाही. 2002 ला टायरोन विलिंगहॅम आला, पहिल्या आठच्या आठ मॅच जिंकल्या, तेव्हाही असाच गाजावाजा. 2004 संपता संपता काढला, तीन सीझन, 21 विजय 15 पराभव. तिथे बहुतेक कोचला पाच वर्षं मिळायची. विद्यापीठाच्या अध्यक्षांनीच जाहीर सांगितलं की मला लाज वाटली. आणि त्याच्या जागी आणलेल्या चार्ली वाइसला पहिल्याच सीझनच्या मध्यावर दहा वर्षांचं एक्स्टेन्शन! तो गोरा होता हे सांगायला नकोच. 2009 ला त्यालाही काढला म्हणा, पण पाच वर्षं भरून.

खवचट_काकू
अरे पण मग तू माझ्याच बाजूने बोलतोयस! विलिंगहॅमची गोष्ट तुला माहीत आहे कारण तेव्हा कुणीतरी तो ब्लॅक आहे हे लिहिलं होतं. रंगाचं नाव काढायचंच नाही असं ठरवलं असतं तर ती नुसती "कोच बदलला" अशी बातमी झाली असती. रूनी नियम कसा आला ते बघ ना. 2001 चा सीझन संपला आणि मिनेसोटाचा डेनिस ग्रीन आणि तेव्हा टॅम्पात असलेला डंजी, दोघा ब्लॅक कोचना काढलं, ग्रीनचा दहा वर्षांतला पहिला तोट्याचा (विजयांपेक्षा पराभव जास्त) सीझन होता आणि डंजीने तर टीम प्लेऑफला नेली होती. त्यावरून बोंबाबोंब झाली, वकिलांनी रिपोर्ट काढला आणि 2003 ला हेड कोच नेमताना निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच असा एनएफएलचा नियम झाला. मोजलं म्हणून झाला.

दादरचा_बोका
आणि तो नियम म्हणजे निव्वळ देखावा. गेल्या रविवारी बॉस्टनकडच्या पॅट्रियट्सने कोच जेरॉड मेयोला काढलं, लगेच दोन ब्लॅक उमेदवारांच्या मुलाखती उरकल्या, त्यातला एकही या वर्षी एनएफएलमध्ये कोचिंग करत नव्हता, आणि काल घेतला कोण तर माइक व्रेबल, जो घेणार हे सगळ्या बॉस्टनला माहीत होतं. फॉर्म भरायला बोलावलं दोघांना, याला मान म्हणायचं?

बंड्या_शिकागो
बोका, तू आत्ता माझ्याच बाजूचा सगळ्यात भारी मुद्दा मांडलास 😄 मेयो त्या क्लबचा पहिला ब्लॅक हेड कोच, गेल्या जानेवारीत नेमला तेव्हा फोटो, मथळे, आणि 5 तारखेला मॅच जिंकून मैदानाबाहेर आला तर काही तासांत घरी. दोन दिवसांनी रेडर्सचा अँटोनियो पिअर्स. तोही एकच पूर्ण सीझन. म्हणजे एकाच आठवड्यात दोन ब्लॅक कोच गेले आणि टीव्हीवर मोठी गोष्ट कुठली तर एक फायनलला पोचला ती.

दादरचा_बोका
दोघेही 4-13 होते रे! 17 पैकी 4. गोऱ्यांनाही काढतातच की, डेन्व्हरच्या हॅकेटला सीझनही पुरा करू दिला नाही, कॅरोलिनाच्या राइकला अकरा मॅचमध्ये घालवला. आणि ह्यूस्टन? त्यांनी सलग दोन ब्लॅक कोच एकेका वर्षात काढले, दुसरा तुझा लव्हीच, सगळे ओरडले. तिसरा डेमेको रायन्स आणला, तोही ब्लॅक, आणि परवा शनिवारी प्लेऑफ जिंकला. प्रत्येक ठिकाणी रंगच बघायचा ठरवलं की रंगच दिसतो.

बंड्या_शिकागो
4-13 ला काढलं याबद्दल तक्रार नाहीच, ते तुझं बरोबर. माझी तक्रार काढल्यावर पुढची नोकरी मिळते का याची आहे. आणि सुपर बोल जिंकलेले ब्लॅक हेड कोच आजपर्यंत डंजी आणि पिट्सबर्गचा माइक टॉमलिन, दोनच. टॉमलिन 36 वर्षांचा असताना जिंकला, 18 सीझनमध्ये एकदाही तोट्यात गेला नाही, आणि शनिवारी हरल्यापासून त्यालाही काढा म्हणून रेडिओवर फोन चालू आहेत.

ओवी_कॅरोलिना
फायनल 20 तारखेला आहे ना? सोमवार, मार्टिन ल्यूथर किंगची सुट्टी, आणि तेसुद्धा अटलांटात, त्यांच्या जन्मगावी. बंड्या, कान बंद करून बस, प्रश्न तर येणारच 😅

बंड्या_शिकागो
म्यूटवर बघणार. प्रश्न आला की बायको खूण करेल.

दादरचा_बोका
फायनलला समोर ओहायो स्टेट आहे, तेच आरामात जिंकणार. सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉयकडून स्वतःच्या घरी हरलेली टीम आहे तुझी नोटर डेम. लावतोस पैज?

बंड्या_शिकागो
लावली. हरलो तर तुझ्याकडे येईन तेव्हा वडापाव माझ्याकडून. आणि फ्रीमन स्वतः ओहायो स्टेटकडून खेळलाय, त्यांची खोड त्याला माहीत आहे.

खवचट_काकू
हा प्रश्न विचारला असता रे त्याला, जुन्या कॉलेजविरुद्ध फायनल, कसं वाटतंय. चालला असता ना तुला?

बंड्या_शिकागो
पळाला असता 👍