शब्दचर्चा : वेलिंग्टनची रेसिपी मराठीत लिहायची तर फिले, पफ, सीअर, रेस्ट यांना आपले शब्द कोणते?

अंजनगावची काकू
नमस्कार मंडळी, जरा अडलंय. आमच्या बायांच्या ग्रुपवर मी रेसिप्या मराठीत लिहून टाकत असते, अशा की ओट्याजवळ उभं राहून वाचल्या तरी हात थांबला नाही पाहिजे. आता पोरी बीफ वेलिंग्टनच्या मागे लागल्या. पदार्थ इंग्लंडचा, तिकडे बीफच्या पाठीतला मऊ लांबट तुकडा तव्यावर चारी बाजूंनी लाल करतात, त्याला मोहरीची पेस्ट चोपडतात, मग बारीक चिरून पार कोरडं होईस्तोवर परतलेल्या मश्रूमचा थर, त्याच्याभोवती हॅमचे पातळ काप नाहीतर धिरड्यासारखा क्रेप, अन् सगळ्यात बाहेरून पफ पेस्ट्री, मग ओव्हन. आपल्याकडे २०१५ पासून गाईसोबत बैलाचंही बंद आहे, म्हणून मी म्हशीच्या नाहीतर बोकडाच्या मटनावर लिहून राहिली. कृती येते मला, शब्दच सापडून नाही राहिले. त्या मऊ तुकड्याला, म्हणजे फिलेला, काय म्हणायचं? पफ पेस्ट्रीला पारी म्हटलं तर चालते का? मश्रूमच्या त्या थराला (तिकडे त्याला डक्सेल म्हणतात) सारण म्हणावं का? अन् सीअर करणे (ते तव्यावर लाल करणं), रेस्ट करणे (ओव्हनमधून काढल्यावर कापायच्या आधी तसंच ठेवणं)? 'मांसपट्टिका' अन् 'पिष्टवेष्टन' असले शब्द नका सांगू बापा, ते वाचून कोणती बाई कणिक मळायला बसणार.

मटनवाला भाऊ, मोर्शी
काकू, फिलेचं मी सांगतो, दुकानात रोज हेच काम आहे. पाठीच्या कण्याखाली, आतल्या अंगानं, कंबरेजवळ चिकटून एक लांब स्नायू असतो, एका टोकाला जाड अन् दुसरीकडे निमुळता. चालण्या-उठण्यात त्याला फारसं काम पडत नाही म्हणून तो मऊ. मोठ्या शहरात म्हशीचं मटन विकणारे त्याला अंडरकट म्हणतात, गिऱ्हाईकही तेच म्हणते. आमच्याकडे बोकडात त्याला वेगळं नावच नाही, कारण बोकडाचा तो तुकडा इतका बारीक की वेगळा काढून कोणी मागत नाही, तो चापासोबतच जातो. म्हणून म्हशीचं असेल तर सरळ 'अंडरकट' लिहा. बोकडाचं असेल तर 'मांडीचं बिनहाडाचं, अख्खा तुकडा, बोट्या न करता' असं लिहा. हे 'बोट्या न करता' विसरू नका, नाहीतर खाटीक सवयीनं सुरा घालून मोकळा होतो. घरी नेऊन तो तुकडा चपटा करायचा, गुंडाळी करायची अन् सुती दोऱ्यानं बांधायची.

खारीवाल्यांची लेक, वर्धा
पारी चालणार नाही काकू, मला तरी खटकते. पारी म्हणजे मोदकाची, पुरणपोळीची, कचोरीची. एकसंध असते, तिला पदर नसतात. पफचं सगळं काम पदरात आहे, कणकेत लोण्याची लादी ठेवून घडी घालायची, लाटायची, गार करायची, परत घडी, असं करत करत कणिक-लोणी-कणिक-लोणी असे कितीतरी थर होतात, अन् भट्टीत गेलं की कणकेतल्या अन् लोण्यातल्या पाण्याची वाफ होऊन एकेक थर वर उचलला जातो. ही आपली खारीच आहे. बेकरीतला व्हेज पॅटिसही त्याच पिठाचा. त्यामुळे 'खारीचं पीठ' लिहा, गावातल्या कोणत्याही बाईला लगेच समजेल की हे खुसखुशीत अन् पदर सुटणारं आहे.

परतवाड्याचा मास्तर
साटा हा शब्द आहे की. साट्याच्या करंज्या, चिरोटे, सगळीकडे पदरच पाहिजे असतात. 'साट्याची पोळी' का नको?

खारीवाल्यांची लेक, वर्धा
सर, साटा जवळचा आहे पण तोच नाही. साटा म्हणजे तूप अन् तांदळाचं पीठ फेसून केलेला लेप, तो पोळीवर बोटांनी सारवतो, पोळीवर पोळी ठेवून वळकटी करतो, कापतो, अन् तळतो. तुपात पीठ असल्यानं ते थर चिकटत नाहीत, तळताना सुटतात. पफमधे पीठ नसलेलं घट्ट लोणी असते, म्हणून ते गारच राहिलं पाहिजे. इकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा ते लोणी लाटता लाटता कणकेत जिरून जाते अन् पदर संपले, म्हणून आमच्या घरी हे पीठ पहाटे लाटतात. काकूंनी साटा लिहिलं तर बाया तूप-पीठ फेसायला घेतील, पदार्थ वाईट नाही होणार पण वेगळा होईल. 'पदर सुटणे' मात्र दोन्हीकडे शंभर टक्के लागू.

अंजनगावची काकू
हे पटलं बेटा. खारीचं पीठ लिहिते, अन् 'पदर सुटेस्तोवर भाजा'. पण मंग आपल्या सांभारवडीचा (सांभार म्हणजे कोथिंबीर) शब्द का नाही वापरायचा? तिला पुडाची वडी म्हणतोच ना आपण. बेसन-कणकेची पोळी लाटायची, आतून चिंचेचं पाणी अन् मसाला चोपडायचा, सांभार-खोबरं-खसखस भरून चारी बाजूंनी पुडक्यासारखी घडी घालायची. हे वेलिंग्टन म्हणजे मटनाचा मोठा पुडाच झाला. माझ्या मनात 'मटनाचा खारी-पुडा' असं नाव घोळून राहिलं.

परतवाड्याचा मास्तर
पुडा सुंदर आहे. गुंडाळणे म्हटलं की चटई, वळकटी डोळ्यासमोर येते, दोन्ही टोकं उघडी. पुडा बांधला की सगळीकडून बंद. रेसिपीत नेमकं हेच सांगायचं असते की टोकं मोकळी राहू देऊ नका.

गोंदियाची सून
सारण शब्दावर माझं म्हणणं आहे. सारण पोटात असते, ज्याच्यासाठी पदार्थ केला ते सारण. इथे पोटात मटन आहे अन् मश्रूम त्याच्या अंगावर. मी त्याला अस्तर म्हणेन. झग्याला अस्तर लावतो तसं, मटनाचं पाणी बाहेरच्या खारीला लागू नये म्हणून मधे. म्हणूनच तर ते मश्रूम इतके कोरडे करायचे असतात, कढईत आधी पाणी सुटते, मग ते आटते, मग चरचर आवाज बदलतो अन् झाऱ्यानं ओढलं की कढईचा तळ स्वच्छ दिसतो, रेघ भरून येत नाही, तेव्हा उतरवायचं. ओलं राहिलं तर खालची बाजू गिच्च होते. हॅमऐवजी धिरडं लावलं तर तेही अस्तरच, 'दुहेरी अस्तर' लिहा. अन् मश्रूमला आमच्याकडे पावसाळ्यात जंगलातल्या सात्या मिळतात, चव फार चांगली, पण रेसिपीत सात्या लिहू नका, एक तर त्या महाग, दुसरं म्हणजे न ओळखता कोणी भलतीच छत्री तोडून आणेल. पाकिटातले मश्रूमच लिहा.

अंजनगावची काकू
अस्तर! हेच पाहिजे होतं. आता सीअर अन् रेस्ट राहिले.

मटनवाला भाऊ, मोर्शी
सीअरला 'भाजणे' नको, भाजणे म्हटलं की आत शिजेपर्यंत. 'कडक तव्यावर चारी अंगांनी लाल करून घ्या' एवढं पुरे. अन् कोणी लिहिते की त्यानं रस आत बंद होतो, तसं नाही काकू, रस काही बंद होत नाही, लाल झाल्यावर जी खमंग चव येते त्यासाठी ते करायचं. 'सील करा' लिहू नका.

गोंदियाची सून
रेस्टला 'मुरू द्या' अजिबात नको. मुरणे म्हणजे मसाला आत जाणे, ते शिजवायच्या आधीचं. 'निवू द्या' म्हटलं तर बाया पार थंडगार होईस्तोवर ठेवतील. आमच्या सासूबाई भाताला म्हणतात 'जरा बसू दे', झाकण न उघडता. तेच लिहा, 'दहा मिनिटं बसू द्या, मगच कापा'. लगेच कापलं तर सगळा रस पाटावर येते.

परतवाड्याचा मास्तर
नावाबद्दल थोडं. काकू, वेलिंग्टन काढून टाकू नका, कंसात तरी ठेवा. तुमच्या अंजनगाव-सुर्जीचा अन् या माणसाचा संबंध आहे. १८०३ मधे दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्ली (हाच पुढे वेलिंग्टन झालेला इंग्रज सेनापती) वऱ्हाडात होता, नोव्हेंबरात अकोल्याकडे अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला, दोन दिवसांनी नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह, अन् ३० डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला तो सुर्जी-अंजनगावचा. तेव्हा त्याला वेलिंग्टन कोणी म्हणत नव्हतं, ती पदवी १८०९ ची, ड्यूक झाला १८१४ मधे. पदार्थाला त्याचं नाव नक्की कसं लागलं याचा पक्का पुरावा नाही, कणकेत मांस भाजायची रीत तर युरोपात त्याच्या आधीपासून होती. म्हणून 'त्याला हे फार आवडायचं' वगैरे गोष्टी लिहू नका.

अंजनगावची काकू
आमच्या गावचा तह शाळेत वाचला होता, तोच हा माणूस हे लक्षात नव्हतं सर. लिहिते. मधला भाग असा लिहिलाय, पाहा बरं :

"लाल केलेला तुकडा पूर्ण निवला की दोरा सोडा, मोहरी चोपडा. धिरड्यावर मश्रूमचं अस्तर सारखं पसरा, मधे मटन ठेवून घट्ट आवळा, अर्धा तास फ्रिजमधे. खारीचं पीठ लाटून त्यात पुडा बांधा, कडांना फेटलेलं अंडं लावून दाबा, जोड खालच्या बाजूला आला पाहिजे. वरून अंडं लावा, सुरीनं हलक्या रेघा ओढा, रेघ आरपार जाऊ देऊ नका. ओव्हन आधी २०० डिग्रीला तापलेला पाहिजे."

बोकडाच्या मांडीचं मटन आधी मंद आचेवर मऊ शिजवून घ्या हे वर वेगळं लिहिलंय, कारण ते अंडरकटसारखं पटकन होत नाही, अन् आपल्याकडे आत गुलाबी राहिलेलं कोणी खात पण नाही.

खारीवाल्यांची लेक, वर्धा
छान काकू. फक्त 'कडा दाबा' ऐवजी दोन्ही टोकांना 'मुरड घाला' लिहा, करंजीला घालतो तशी, म्हणजे टोकं भट्टीत उघडत नाहीत. अन् जास्तीचं पीठ कातणानं कापा, मळून एक करू नका, तुकडे एकावर एक ठेवून लाटा, पदर टिकतात. त्याची खारी होते संध्याकाळच्या चहाला.