तांब्याच्या बंबाला बुडातून गळती, धूर पण उलटा येतोय, दुरुस्त होईल का?

घणसोलीकर:
मंडळी, घणसोली गावात आमचं जुनं घर आहे, मागच्या पडवीत आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब आहे. गणपतीत पाहुणे आले की अजून त्याच्यावरच आंघोळीचं पाणी तापतं, गीझर सगळ्यांना पुरत नाही. आता बुडाशी मधलं धुराचं नळकांडं जिथे जोडलंय तिथून थेंब थेंब गळतंय, जाळीखाली राखेचा नुसता चिखल होतो आणि पेटवला की धूर वर जायचा सोडून तोंडावर येतो. भंगारवाला वजनावर घ्यायला टपलाय पण आईचा जीव अडकलाय त्यात, माझाही. भाऊ म्हणतो पुट्टी लाव आणि पावसात भिजतो म्हणून बाथरूममध्ये घे. काय करू?

तांबंपितळ:
भंगारात अजिबात देऊ नका हो! पत्रा शाबूत असेल तर बंब पिढ्यान्पिढ्या टिकतो, सुटतो तो सांधा, आणि तो बहुतेक वेळा पाणी कमी असताना जाळ लावल्यामुळे सुटतो. आत पाणी आहे तोवर तांबं १०० डिग्रीच्या फार वर जात नाही, पाणी उतरलं की उघडा पडलेला भाग भराभर तापतो आणि कथील-शिशाचं झाळकाम (सांधा जोडणारा डाग) १८३ डिग्रीच्या आसपास वितळायला लागतं. तांबं वितळायला १०८५ लागतात, म्हणून पत्र्याला काही होत नाही. पुट्टी नको, तापून गार होऊन ती सुटणारच आणि मग कारागिराला खरवडत बसावं लागतं. तांबटाकडून नीट झाळून घ्या. ठाण्यात जांभळी नाक्याला भांड्यांच्या दुकानात चौकशी करा, नाहीच मिळाला तर पुण्यात कसब्यातली तांबट आळी आहेच.

ऐरोलीची आत्या:
धुराचं सांगते. नळकांड्यात वरून बॅटरी मारून बघ, आत काळी चकचकीत डांबरासारखी खपली दिसली तर ती ओल्या लाकडाची काजळी, तिने वाट अरुंद होते आणि ओढ जाते. बंब पूर्ण गार असताना लांब काठीला काथ्या घट्ट बांधून वरखाली घास, खाली पडेल ते काढ, जाळीची भोकं खिळ्याने मोकळी कर. राख रोज काढायची, खालून हवा नाही मिळाली तर जाळ धरणार कसा. आम्ही करवंट्या आणि सुकलेली सोडणं (नारळाची सालं) जाळतो, मस्त पेटतात. फर्निचरचं प्लायवूड, सनमायका, रंगवलेली फळी काही घालू नकोस, त्याचा धूर विषारी असतो. बाहेरून चिंच-मीठ नाहीतर पितांबरी.

पनवेलवाला:
भावाला हात जोडून सांगा, बाथरूममध्ये बंब न्यायचा नाही. पेटता असो की नुसते निखारे असोत, कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीने त्याला धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस आंघोळ करता करता खाली बसतो आणि दार आतून बंद असतं. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही म्हणून लोक बिनधास्त राहतात, तिथेच घात होतो. पावसाची अडचण असेल तर पडवीला पत्रा वाढवा, बाजू उघड्याच ठेवा.

घणसोलीकर:
खूप आभार सगळ्यांचे. आईला वाचून दाखवलं, भाऊ पण तयार झाला. आत पांढरा जाड थर आहे, बोअरचं पाणी वापरतो, तो झाळायच्या आधी काढू का नंतर?

तांबंपितळ:
आधी. तो क्षारांचा थर आहे, सांध्यावर राहिला तर झाळ नीट धरत नाही, शिवाय पाणी तापायलाही वेळ लागतो. कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून आत भरा, गळतंय म्हणून खाली घमेलं ठेवा, बुडबुडे येत राहतील ते थांबले की ओता आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा विसळा. तारेच्या काथ्याने जोरात घासू नका, जुना पत्रा पातळ झालेला असतो. आणि झाळून आणल्यावर लगेच पेटवू नका, काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा, सकाळी बुडाखाली ओल दिसली तर त्याच कारागिराकडे परत न्या.